पाणी धरणारं घर: कोल्हापूरच्या हवामानाला कसा नकाशा जुळेल?

ओसरी

नमस्कार मंडळी,

मी आर्किटेक्ट आहे, काम कोल्हापूर आणि आसपासच. सध्या पाचगावच्या चढावर एका कुटुंबाचं घर करतेय. अडीच गुंठे जागा, चार माणसं, छताचं क्षेत्र साधारण हजार चौरस फूट. मालकांची अट एकच: उन्हाळ्यात प्यायच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायला लागू नये. बाकी सगळं त्यांनी माझ्यावर सोडलंय.

हिशेब केला तर अट अवघड वाटत नाही. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. शहराच्या भागात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. वाया जाणारं वीस टक्के सोडून दिलं तरी ७४,००० लिटर एका छतावरून उतरतं. आज ते सगळं रस्त्यावरून ओढ्याला आणि ओढ्यातून पंचगंगेला जातं.

अडचण वेळेची आहे. हे पाणी जून ते सप्टेंबर येतं आणि लागतं ऑक्टोबर ते मे. शिवाय आपला जिल्हा एकसारखा नाही. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, शिरोळला पाचशेच्या आसपास, आणि मधलं अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. एकच नकाशा दोन्हीकडे चालणार नाही.

बाहेरचे नमुने बघितले. इराणच्या काही आर्किटेक्टनी वाडग्यासारखं दुहेरी छत मांडलंय, रिमझिम पावसाचे थेंब वाळून जायच्या आत मधोमध एकत्र यावेत म्हणून. चिलीत चुंगुंगो गावाने डोंगरावर जाळ्या उभारून धुक्याचं पाणी धरलं. ते बघून हुरूप येतो, पण आपल्याकडे पाऊस रिमझिम नसतो, कोसळतो. म्हणून इथल्या लोकांनाच विचारतेय. जुन्या घरात काय होतं, आत्ता काय चालतं, काय फसतं?

नियमाचंही सांगते. नव्या बांधकाम नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटला आहे. दोन-तीन गुंठ्यांत घर बांधणारा त्यात येतच नाही. म्हणजे हे आपण आपल्या गरजेपोटीच करायचं.

कौलारू

मस्त विषय. आमच्या करवीर तालुक्यातल्या घराला मंगलोरी कौलं होती आणि वळचणीखाली पत्र्याची पन्हळ. पन्हळीच्या तोंडाला मोठं पातेलं ठेवायचं, त्यावर धोतराचं फडकं बांधलेलं. ते पाणी डाळ शिजवायला वेगळं ठेवायचे, कारण विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजायची नाही. पातेलं भरलं की संपलं, पुढचं सगळं अंगणात. साठवायची सोय कुणी केली नव्हती.

जांभा

मी शाहूवाडीकडचा. आमच्याकडे पावसाळ्यात भिंती घाम धरतात, कपडे वाळत नाहीत, आणि मार्च लागला की बायका झऱ्यावर रांगेत. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जांभा दगड आहे, तो भोकाभोकांचा. पाणी पटकन आत घेतो आणि खालच्या बाजूला झऱ्यातून सोडून देतो. जानेवारीपर्यंत झरा जोरात असतो, मग बारीक होत जातो.

धुक्याच्या जाळ्यांबद्दल: आमच्याकडे दाट धुकं असतं जुलै-ऑगस्टात, तेव्हा पाणीच पाणी. एप्रिलमध्ये गरज असते तेव्हा धुकं नाही. त्यामुळे जाळी लावून उपयोग नाही. टाकीच हवी, आणि ती मोठी हवी.

मागवाली

इचलकरंजीहून लिहितेय. ओसरीताई, तुमचा प्रश्न आमच्या घरात रोजचाच आहे. नळाला पाणी रोज येत नाही, कधी कधी चार-पाच दिवसांनी येतं. त्यामुळे प्रत्येक घरात जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी, शिवाय पिंपं, हंडे, कळश्या. इतकं साठवूनही पाणी वाया जातं, आणि ते का जातं हे नकाशा काढणाऱ्यांनी नीट बघावं असं मला मनापासून वाटतं.

चावीला, म्हणजे नळाला, पाणी आलं की बाई पहिलं काय करते? कालपरवाचं "शिळं" पाणी ओतून देते आणि ताजं भरते. हंडा घासायचा म्हणून ओततो, आणि पाणी आत्ताच आलंय, परत कधी येईल सांगता येत नाही म्हणून सगळंच घाईत भरतो. आमच्या गल्लीत पाणी यायच्या दिवशी गटारं वाहतात ती या ओतलेल्या पाण्याने.

मी घरात एक बदल केला. स्वयंपाकघराच्या ओट्यालगत, मोरीच्या भिंतीत एक पन्हळीसारखा उथळ कट्टा बांधून घेतला. जुनं पाणी त्यावर ओतायचं, ते नळीने खाली संडासाच्या पिंपात जातं. कुणाला शिकवायला लागलं नाही, कारण ओतायची जागा हाताशीच आहे आणि हंडा उचलून लांब न्यायचा नाही. माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, त्याही तिथंच ओततात.

वॉशिंग मशीनच्या शेवटच्या खळबळीचं पाणीही त्याच पिंपात. फ्लशला नळाचं पाणी आम्ही वापरतच नाही.

ओसरी

मागवालीताई, हा कट्टा मी उचलणार, परवानगी असेल तर. आणि तुमच्या फ्लशच्या मुद्द्यावर आकडे मांडते, कारण लोक टाकीवर लाखभर घालायला तयार असतात पण फ्लशकडे बघत नाहीत. जुनी टाकी एका वेळी दहा लिटर सोडते. चार माणसं, प्रत्येकी पाच वेळा: दिवसाला २०० लिटर. दोन बटणांची टाकी सहा आणि तीन लिटरची घेतली तर माणशी एकदा सहा आणि चारदा तीन, म्हणजे घराचे ७२ लिटर. दिवसाला १२८ लिटर वाचले. याच घराला प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला ४० लिटर पुरतात! फ्लशमध्ये रोज वाचणारं पाणी त्याच्या तिप्पट आहे.

थेटपाइप

विषय चांगला आहे, पण आता कोल्हापूर शहराला याची गरज किती? काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ च्या दिवाळीत आली. पन्नास किलोमीटरहून लांबून धरणाचं स्वच्छ पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला येतं. एवढा खर्च झाल्यावर पुन्हा घराघरात दहा हजार लिटरची टाकी बांधणं म्हणजे दुहेरी खर्च नाही का? छताचं पाणी सरळ बोअरला सोडावं, भूजल वाढेल, सगळ्यांना फायदा.

ओसरी

थेटपाइप, प्रश्न रास्त आहे. पाइपलाइन व्हायलाच हवी होती, शहराने त्यासाठी वर्षानुवर्षं मागणी केली. पण २०१९ आणि २०२१ चा ऑगस्ट-जुलै आठवा. दोन्ही पुरांत नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात गेली, वीज गेली, आणि चहूकडे पाणी असताना लोक टँकरभोवती कळश्या घेऊन उभे होते. त्याच दिवशी प्रत्येकाच्या छतावर पाऊस पडत होता. माझ्या लेखी पाणीटंचाई म्हणजे फक्त एप्रिल-मे नाही, प्यायला चालेल असं पाणी घरात नसणं म्हणजे टंचाई. मग ती भर पावसातही येते. कितीही लांबून पाणी आणलं तरी पंप आणि वीज लागतेच, छतावरून टाकीत उतरायला दोन्हींपैकी काही लागत नाही.

बोअरबद्दल: आपल्याखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे. मुरूम किंवा भेगा असतील तिथं पाणी मुरतं, सलग दगड असेल तिथं खड्डा भरून राहतो. आणि मुरलेलं पाणी आपल्याच बोअरला येईल याची खात्री नाही. मी दोन्ही करणार आहे, पण आधी टाकी, टाकी भरून वाहिली की उरलेलं जमिनीत.

पाटबंधारे_निवृत्त

धागा वाचतोय, आता राहवत नाही म्हणून लिहितो. आयुष्य बंधाऱ्यांवर गेलं आहे.

ओसरीताई, तुम्ही इराण-चिली बघितलंत ते उत्तम. पण टंचाईला उत्तर म्हणून तयार झालेली एक रचना आपल्या गावाच्या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाते, तिच्याकडे घराच्या नकाशासाठी कुणी बघत नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा.

तो काय आहे ते ज्यांनी जवळून बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नदीच्या पात्रात ठराविक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब. खांबांच्या अंगाला वरपासून खालपर्यंत खाचा. पावसाळा सरला, परतीचा पाऊस झाला, की त्या खाचांतून एकावर एक बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, सोडायचे. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा असायच्या आणि मधल्या पोकळीत माती ठासायचे. आता लोखंडी बरगे आणि रबराची पट्टी. नदी अडते, मागे पाणी तुंबतं, दोन्ही काठांची शेती उन्हाळाभर उपसा करते. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, सगळे बरगे काढून काठावर रचून ठेवायचे. पूर येतो तेव्हा पात्रात फक्त खांब असतात. पाणीही जातं, गाळही जातो. पक्की भिंत घातली असती तर दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरली असती आणि पुराचं पाणी वरच्या गावांत शिरलं असतं.

कसबा बावड्याचा राजाराम बंधारा हा त्यातलाच. पुराच्या दिवसांत सगळं शहर त्याचीच पातळी विचारत असतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका.

उणिवाही सांगतो. बरगा नीट बसला नाही तर गळतो. रबर खराब होतं. लोखंडी बरगे चोरीला जातात, हा फार जुना त्रास आहे. आणि बरगे काढायला उशीर झाला, वळवाचा मोठा पाऊस आधीच आला, तर पाणी वरून जातं आणि बरगे अडकून बसतात. म्हणजे रचना उत्तम, पण वर्षातून दोनदा माणसाने वेळेवर हात लावला तरच.

राधानगरीचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी आली की पाण्याच्या जोरावरच उघडतात, पातळी उतरली की मिटतात. तिथं माणूस लागत नाही.

तुमच्या घरात या दोन्ही गोष्टी हव्यात. एक, वर्षातून दोनदा हाताने फिरवायची. दुसरी, आपोआप होणारी. कुठली कुठे, हे तुम्ही ठरवा.

ओसरी

काका, मनापासून आभार. दोन दिवस हेच डोक्यात आहे. मी आत्तापर्यंत घराला एकच छत, एकच नळी, एकच टाकी असं बघत होते. खरं तर आपल्याकडचं घर दोन स्थितींत राहायला हवं: पावसाळ्यात एक, बाकी आठ महिने दुसरी. याच विचाराने नकाशा परत काढतेय.

निळाई

मी बर्म्युडात राहते, माहेर राजारामपुरी. इथं नदी नाही, गोड्या पाण्याचं तळं नाही. प्रत्येक घराचं छत चुनखडीच्या लाद्यांचं, पायऱ्यापायऱ्यांचं आणि चुन्याने पांढरंशुभ्र. पायऱ्यांमुळे पाण्याचा वेग कमी होतो, चुन्यामुळे जंतू कमी होतात. छताच्या कडेने बांधून काढलेली पन्हळ, तिथून नळी, आणि घराच्या खालीच टाकी. कायद्यानेच घराला छताचं पाणी धरायला लागतं, त्यामुळे घर बघायला गेलं की लोक बेडरूमच्या आधी टाकी केवढी ते विचारतात.

पण ओसरी, एक फरक ध्यानात घे. इथं पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. टाकी रिकामी होते, परत भरते. आपल्याकडे एकदा भरलेली टाकी आठ महिने टिकवायची आहे. त्यामुळे आमच्या टाकीचा आकार बघून तुमची ठरवू नकोस, किती दिवस कोरडे जातात त्यावर ठरव.

ओसरी

बरोबर. तोच हिशेब धरलाय: ४० लिटर गुणिले २४० दिवस, ९,६०० लिटर. म्हणजे आतून आठ फूट बाय सात फूट आणि पाण्याची उंची साडेसहा फूट अशी टाकी पुरते. ७४,००० मधले १०,००० च धरायचे, त्यामुळे चांगल्यातलं चांगलं पाणी निवडून घ्यायला वाव आहे.

परसदार

निवडण्यावरूनच लिहितो. आपल्या भागात गुऱ्हाळं आणि साखर कारखाने सुरू झाले की गच्चीवर काळी राख पडते. शेतात पाचट जाळलं की आणखी. उन्हाळाभर ती छतावर बसते, त्यात कबुतरं. वळवाचा पाऊस हे सगळं घेऊन खाली येतो. तो पाऊस टाकीत अजिबात घेऊ नका. मेअखेरीस छत झाडून धुवा, मृगाचे पहिले चांगले दोन पाऊस सोडून द्या.

मोरीचं पाणी आमच्याकडे पूर्वीपासून केळीला आणि अळूला. भांड्यांचं खरकटं आणि तेल आधी जाळीत अडवायचं, नाहीतर आळं चिकट होतं आणि वास मारतं. कच्ची खायची भाजी, कोथिंबीर वगैरे त्या पाण्यावर करू नये.

घागर

सगळे टाकीवर बोलताहेत, मला भांड्यावर बोलायचंय. दक्षिण आफ्रिकेत पाणी ओढून न्यायला ढकलायचं पिंप केलंय, ९० लिटरचं, जमिनीवर लोळवत न्यायचं. तिथल्या सपाट वाटांवर बायकांच्या डोक्यावरचं ओझं त्याने उतरलं. आपल्या पन्हाळा-गगनबावड्याच्या दगडी पायवाटांवर उतारावरून ते निसटेल, चढावर ढकलता येणार नाही. उलट आपली कळशी बघा. गळा अरुंद म्हणून चालताना हिंदकळत नाही, पोट फुगीर म्हणून कमरेवर बसते, काठ बाहेर वळलेला म्हणून हात अडकतो. पिढ्यानपिढ्या बायकांनी वाहिली तेव्हा तो आकार ठरलाय. त्यात सुधारणा करायची तर वजन कमी करा, आकार बदलू नका. आणि नकाशा काढणाऱ्यांना एक विनंती: पाणी भरायच्या जागेचा कट्टा कमरेइतका उंच करा. खाली वाकून भरलेली कळशी उचलण्यात पाठ जाते.

भावा_गवंडी

ताई, टाकी मी लई बांधल्यात, म्हणून सांगतो.

कोपरे काटकोनात ठेवू नका. आतून गोलाई द्या, म्हणजे घाण साठत नाही आणि चीर तिथनंच सुरू होते ती टळते. तळाला एका बाजूला उतार आणि शेवटी वीतभर खोल खड्डी, साफ करताना सगळा गाळ तिथं येतो. झाकण उंबऱ्यासारखं उचलून घ्या, जमिनीच्या पातळीला ठेवलं की पावसाचं घाण पाणी आत जातं. सांडव्याच्या नळीला आणि हवेच्या नळीला बारीक जाळी, नाहीतर डासांची पैदास. उजेड आत जायला नको, शेवाळ धरतंय.

गिलावा झाला की टाकी भरा, पाण्याच्या पातळीला पेन्सिलीनं रेघ मारा आणि आठवडाभर हात लावू नका. रेघ आणि पाणी यात फरक पडला तर गळती हाय. ही रेघ मारल्याशिवाय मालकानं पैसे द्यायचे नाहीत, असं मीच सांगतो लोकांना.

आणखी एक. पाचगावला जमिनीत टाकी चालतीय. पण कुणी शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, रमणमळा असल्या सखल भागात बांधत असेल तर जमिनीत घालू नका. पुरात नाल्याचं पाणी टाकीत शिरलं की प्यायच्या पाण्याची वाट लागती. तिथं जोत्याच्या वर, जिन्याखाली टाकी घ्या.

छताला एक चार इंची नळी पुरणार नाही. दोन बाजूनं दोन उतरवा, नाहीतर मोठ्या सरीत पन्हळ भरून भिंतीवर ओघळ येतात.

ओसरी

सगळ्यांचं वाचून आजवर ठरलेलं लिहिते. चुकत असेल तर सांगा.

दोन्ही उतरत्या नळ्या मागच्या दाराजवळ एकत्र येतील, छातीच्या उंचीवर. तिथं दोन व्हॉल्व्ह, एक टाकीकडे, एक बाहेर शोषखड्ड्याकडे. हा घराचा बरगा. एरवी टाकीकडचा बंद, मृगाचे दोन पाऊस झाले की उघडायचा, सप्टेंबरअखेर बंद करायचा. रोज दिसेल अशा जागी, डोक्यावर छोटी पडवी. त्याखाली राधानगरीसारखं आपोआप चालणारं: एक उभी नळी, प्रत्येक पावसाचं पहिलं शंभर लिटर आधी तिच्यात भरणार, ती भरली की मगच पाणी टाकीकडे वळणार, आणि तळाच्या बारीक छिद्रातून ती हळूहळू आपली आपण रिकामी होणार.

टाकी स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीखाली. तिच्यावर हातपंप, म्हणजे वीज नसली तरी पाणी निघेल. बाजूला कमरेइतका कट्टा. ओट्याला मागवालीताईंची पन्हळ. संडासाची नळी पहिल्यापासून वेगळी. मोरीचं पाणी जाळीतून केळीच्या आळ्याला. प्यायच्या आधी पाणी उकळायचं, आणि पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं.

राहिलेली शंका शोषखड्ड्याची. सहा फूट खोल धरलाय, पण खाली काय लागेल माहीत नाही.

पाटबंधारे_निवृत्त

मांडणी पटली. फक्त उभ्या नळीचं छिद्र राखेने बुजेल. तळाला फिरकीचं झाकण ठेवा, मोठ्या पावसानंतर उघडून झटकता आलं पाहिजे. आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी बंद राहिले तर छतावर पाणी तुंबेल, त्यामुळे बाहेरच्या नळीला व्हॉल्व्हच नको. टाकीकडे एकच ठेवा, बाहेरची तोंडं थोडी उंचावर घ्या. टाकीकडचा बंद असला की पाणी आपोआप वरच्या तोंडातून जाईल, टाकी भरली तर तिच्या सांडव्याच्या नळीतून.

ओसरी

काका, हे फारच महत्त्वाचं. नकाशात आजच बदलते. एकच व्हॉल्व्ह.

भावा_गवंडी

शोषखड्डा आधी खणू नका ताई. हातभर रुंद, चार फूट खोल चाचणीचा खड्डा मारा, पाण्यानं भरा आणि किती वेळात मुरतं बघा. तासाभरात निम्मं गेलं तर मुरूम चांगला हाय, तिथंच खणा. सकाळपर्यंत तसंच राहिलं तर जागा बदला, नाहीतर उरलेलं पाणी सरळ ओढ्याला द्या. रविवारी माझं काम आर. के. नगरला हाय, पहार घेऊन येतो. प्लॉटवर दोन पिंपं पाणी तेवढं भरून ठेवायला सांगा.